पदभ्रमंतीसाठी हलक्या स्टोव्हची निवड : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : पदभ्रमंती, सुवाह्य स्टोव्ह, इंधन, उष्मांकमूल्य, सुरक्षितता

प्रस्तावना

मराठवाड्यातील माणसाला चालणे नवीन नाही. आषाढीसाठी नांदेड, परभणी, लातूर या भागांतून पंढरपूरकडे निघणाऱ्या दिंड्या, कोजागरी पौर्णिमेला तुळजापूरची वाट धरणारे भाविक, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला येणारी कुटुंबे ही या प्रदेशाची जुनी ओळख आहे. गेल्या काही दशकांत या परंपरेच्या जोडीला आणखी एक चालणे आले. महाविद्यालयीन युवक-युवती माहूरच्या डोंगरात, किनवटच्या सागवानी जंगलात, बालाघाटच्या पठारावर आणि सवड मिळाली की थेट सह्याद्रीत कळसूबाई-हरिश्चंद्रगडापर्यंत पाठीवर पिशवी टाकून जाऊ लागले. अशा चालण्यात चूल कोणती न्यावी, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या लेखाला एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात प्रस्तुत लेखिका विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या एका गटासोबत किनवटच्या बाजूला मुक्कामी होती. रात्री अवकाळी पाऊस आला. चार मुलींनी चहासाठी छोटा गॅस-स्टोव्ह तंबूत घेतला आणि गारवा लागतो म्हणून तंबूची चेन पूर्ण ओढून घेतली. काही वेळातच एकीचे डोके दुखू लागले, दुसरीला मळमळू लागले. तिसरी साखर आणण्यासाठी बाहेर पडली, म्हणून चेन उघडली गेली. मोकळ्या हवेत चौघींनाही अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटले. साखर आतच असती तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. परतल्यावर मुक्कामी पदभ्रमंती कायमची बंद करावी असा प्रस्ताव पुढे आला आणि तो अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. परंतु बंदी हे अज्ञानावरचे उत्तर नव्हे, असे वाटल्याने या विषयाचा पदार्थविज्ञानाच्या आणि व्यवहाराच्या अंगाने थोडा विचार केला. तो येथे मांडला आहे.

स्टोव्ह कोणाला लागतो?

स्टोव्हची निवड करण्यापूर्वी तो लागतो का, हे ठरविणे आवश्यक होय. दिंडीतील वारकऱ्याच्या पाठीवर चूल नसते. शिधा, भांडी, शेगड्या आणि सिलिंडर दिंडीच्या वाहनातून पुढच्या मुक्कामी जातात. तुळजापूरच्या वाटेवर ठिकठिकाणी सेवाभावी मंडळींचे मंडप असतात; चालणारा उपाशी राहणार नाही याची काळजी रस्ताच घेतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये आलेल्या प्रत्येकाला जेवण मिळते. माळेगावच्या यात्रेत बैलगाडीच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडली की संसार सुरू होतो.

एका मुक्कामाच्या सहलीतही आपल्याकडच्या जुन्या शिदोरीला तोड नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढ्यावर दीड दिवस सहज निघतो. औसा, उदगीर, कंधार हे किल्ले तर गावांना लागूनच आहेत. तेथे स्टोव्ह नेणारा माणूस ओझे हौसेने वाहतो, एवढेच म्हणावे लागेल. पोहे भिजवून खाता येतात, सातूचे पीठ गूळ-पाण्यात कालवून चालते. खरी गरज उरते ती दोन किंवा अधिक मुक्कामांच्या, वस्तीपासून दूरच्या वाटेवर. त्यातही थंडीत व पावसात भिजलेल्या, दमलेल्या मुलांना गरम काही मिळणे ही चैन राहत नाही, प्रकृतीची गरज बनते.

याला लागूनच नर्मदा परिक्रमेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातून अनेक जण पायी परिक्रमेला जातात. वाटेतील आश्रमांत तयार भोजन मिळते किंवा 'सदाव्रत' म्हणून डाळ, तांदूळ, पीठ असा कोरडा शिधा मिळतो आणि तो परिक्रमावासीने स्वतः शिजवायचा असतो. म्हणजे इंधनाचा प्रश्न येथे केवळ पाणी तापविण्याचा नसून कच्चे धान्य शिजविण्याचा आहे. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

आपला स्वयंपाक आणि त्यांचा स्टोव्ह

सुवाह्य स्टोव्हचा इतिहास प्रामुख्याने थंड प्रदेशात घडला. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास रॉकेलची वाफ करून जाळणारा, काजळी न धरणारा 'प्रायमस' स्टोव्ह तयार केला. ध्रुवीय प्रवासी आणि गिर्यारोहक यांनी तो जगभर नेला. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेतही बर्फ वितळविण्याचे काम अशाच स्टोव्हनी केले. तोच स्टोव्ह पंप, पिन आणि वॉशर यांच्यासह आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात फरफरत होता. त्यानंतर आलेले स्पिरिटचे व गॅसचे हलके स्टोव्हही मुख्यतः एका कामासाठी घडविले गेले: थोडे पाणी लवकर उकळणे. कारण तेथील गिर्यारोहकाचे जेवण म्हणजे बहुधा पाकिटातील वाळविलेले अन्न. त्यावर उकळते पाणी ओतले की झाले.

आपले जेवण या चौकटीत बसत नाही. खिचडीला मंद आच हवी. भाकरीला तवाभर पसरलेली ज्योत हवी. हलक्या गॅस-स्टोव्हच्या रुपयाएवढ्या ज्योतीवर भाकरी मध्यभागी करपते आणि कडेला कच्ची राहते. पिठले सतत ढवळावे लागते, तेव्हा तीन बारीक पायांवर उभा स्टोव्ह डुगडुगतो. म्हणून आपल्या वापरासाठी स्टोव्ह निवडताना 'एक लिटर पाणी किती मिनिटांत उकळते' या जाहिरातीतील आकड्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. ज्योत विझू न देता अगदी बारीक करता येते का? आणि तीन लिटरचे भरलेले पातेले ठेवून डाव ढवळला तर तो स्थिर राहतो का? दुकानात पातेले घेऊन जाण्यास संकोच वाटू देऊ नये.

दुसऱ्या बाजूने, स्टोव्हला अनुरूप स्वयंपाकही बदलता येतो. तुरीच्या डाळीऐवजी मुगाची डाळ घ्यावी. ती निम्म्या वेळात शिजते. डाळ-तांदूळ दुपारच्या विसाव्यातच भिजत घालावेत. खिचडीला चांगली उकळी येऊन पाच-सात मिनिटे झाली की पातेले झाकून जाड शालीत किंवा गोधडीत गुंडाळून ठेवावे. आतील उष्णतेवर ती अर्ध्या तासात मऊ शिजते आणि इंधन वाचते. अर्थात गोधडीला खिचडीचा वास लागतो, ही तक्रार रात्री ऐकावी लागते. उंचीचा परिणामही ध्यानात घ्यावा. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास असलेल्या लातूरला पाणी ९८ अंशाला उकळते, तर १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ९५ अंशांच्याही आतच. फरक लहान दिसतो, पण डाळीला तो कळतो.

इंधनांचा विचार

रॉकेल. एकेकाळी शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल हे सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळणारे इंधन होते. घरगुती गॅसचा प्रसार झाल्यानंतर ते दुर्मीळ झाले आहे. उष्णतेच्या दृष्टीने रॉकेल उत्तम आहे. एका किलोपासून सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते. परंतु पितळी पंपाचा स्टोव्ह जड, त्याला आधी काकडा पेटवून तापवावे लागते, पिन लावावी लागते आणि सांडलेल्या रॉकेलचा वास पिशवीतल्या पोळीपर्यंत पोहोचतो. शिवाय भारतीय मानकानुसार रॉकेलच्या वाफा ठिणगीने पेट घेण्याचे किमान तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा याच्या बराच वर असतो, म्हणजे रॉकेल 'सावकाश पेटणारे' इंधन आहे हा समज आपल्या उन्हाळ्यात खरा राहत नाही. तापलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे किंवा त्यात पेट्रोल मिसळणे हे तर मृत्यूला आमंत्रण होय. 'स्टोव्हचा भडका उडून' ही वृत्तपत्रीय शब्दावली आमच्या पिढीतील स्त्रियांनी लहानपणापासून वाचली आहे. त्या बातम्यांतील सगळेच भडके अपघाती नव्हते, हेही पुढे कळले. या स्टोव्हविषयी लेखिकेच्या मनात जी अढी आहे तिला हेही एक कारण असावे.

स्पिरिट. लातूर परिसर हा उसाचा व साखर कारखान्यांचा आहे. मळीपासून मद्यार्क बनतो आणि मद्यार्कात विषारी द्रव्य मिसळून तो पिण्यास अयोग्य केला की 'डिनेचर्ड स्पिरिट' तयार होते. लाकडाला पॉलिश करणाऱ्यांकडे ते हमखास असते. स्पिरिटच्या स्टोव्हला हलणारा एकही भाग नाही. एक पितळी वाटी, भोके पाडलेला कडा आणि भांडे पेलणारी बैठक इतकेच. बिघडण्यासारखे काही नसणे हा प्रवासात मोठा गुण आहे. त्याला आवाज नाही, काजळी जवळजवळ नाही. मर्यादा अशी की स्पिरिटचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे २५ मेगाज्यूल, म्हणजे गॅसच्या जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. ज्योत मंद, आणि ती कमी-जास्त करण्याची सोय ओबडधोबड. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर जवळजवळ निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा घरगुती स्टोव्ह विकसित केला होता. पाणी मिसळल्याने भडक्याचा धोका कमी व्हावा, ही त्यामागील कल्पना. तो पाठीवर नेण्याजोगा नव्हे, पण विचाराची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

स्पिरिटचा खरा धोका त्याच्या अदृश्यतेत आहे. भर दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. विझला असे समजून कोणी बाटलीतून स्पिरिट ओतू लागतो आणि ज्योत धारेवरून बाटलीत चढते. म्हणून वाटी थंड झाली आहे हे हात वरून फिरवून पाहिल्याशिवाय पुन्हा भरू नये आणि ते काम गटात एकानेच करावे. स्पिरिटची बाटली पाण्याच्या बाटलीसारखी कधीही नसावी. मिथेनॉलयुक्त स्पिरिटचा एखादा घोटही दृष्टी घालवू शकतो. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यापासून बनविलेला स्पिरिट-स्टोव्ह पंधरा-वीस ग्रॅमचा असतो व विद्यार्थ्यांना त्याचे फार आकर्षण वाटते. एकट्या अनुभवी माणसाने तो खुशाल वापरावा, दहा जणांच्या गटात लेखिका त्याला परवानगी देत नाही.

गॅस. पदभ्रमंतीच्या गॅसचे डबे दोन प्रकारचे असतात. एक बुटका, वर आटे असलेला. त्यावर स्टोव्ह थेट फिरवून बसतो. दुसरा लांबट, खाच असलेला. तो सपाट शेगडीच्या बाजूला आडवा बसतो किंवा नळीने जोडता येतो. आटेवाला डबा आणि त्यावरील शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचा स्टोव्ह हा वजनाने सर्वांत सुटसुटीत. पण तो उंच होतो, भरल्या पातेल्याने डोलतो, आणि त्याचे डबे येथील बाजारात लेखिकेला आढळले नाहीत. पुण्या-मुंबईहून किंवा घरपोच मागवावे लागतात. लांबट डबा तुलनेने सहज मिळतो. तो आडवा बसविताना खाच वरच्या बाजूस यायलाच हवी. अन्यथा वायूऐवजी द्रवरूप गॅस बाहेर येऊन ज्योत हातभर उसळते. आपल्या स्वयंपाकासाठी नळीने जोडलेला, रुंद पायांचा बुटका स्टोव्ह अधिक सोयीचा. तो शंभर-दीडशे ग्रॅमने जड असतो, पण सांडलेल्या खिचडीचे वजन त्याहून जास्त असते.

पाश्चात्त्य पुस्तकांत गॅसविषयी जी काळजी असते ती थंडीची. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे बेचाळीस अंशांना उकळते. त्याहून थंड हवेत डब्यातील द्रवाची वाफ होत नाही व स्टोव्ह पेटत नाही. म्हणून महागड्या डब्यांत प्रोपेनचे मिश्रण असते. नांदेड-लातूरच्या कडाक्याच्या थंडीतही साध्या ब्युटेनचे काम भागते. डबा संपत आला की तो गार पडून ज्योत मंदावते, एवढाच त्रास. आपली काळजी उलट आहे. डबा ५० अंशांहून अधिक तापू देऊ नये अशी सूचना त्यावरच छापलेली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमध्ये हे तापमान सहज ओलांडले जाते. चुलीभोवती वारा अडविण्यासाठी पत्र्याचा पडदा लावताना तो डब्यालाही वेढणार नाही, हे पाहावे. आटेवाल्या डब्यावर भला मोठा तवा ठेवला तर उष्णता परतून डब्यावरच पडते; भाकरीचा मोह तेथे आवरावा.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. रिकामा डबा घरगुती सिलिंडरमधून भरून घेण्याची युक्ती आता अनेकांना ठाऊक झाली आहे. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनही असते. ५० अंशांना शुद्ध ब्युटेनचा दाब वातावरणाच्या सुमारे पाचपट असतो, तर प्रोपेनचा सतरापट. ब्युटेनसाठी बनविलेल्या पातळ पत्र्याच्या डब्यात असे मिश्रण भरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बाजारात छोट्या टाक्या घरगुती सिलिंडरमधून भरून देण्याचा व्यवसायही चालतो. तो कायद्याने निषिद्ध आहे. ज्यांना तळावर मोठ्या गटासाठी शिजवायचे आहे त्यांच्यासाठी तेल कंपन्यांनी २०१३ पासून पाच किलोचा सिलिंडर कायम जोडणीशिवाय उपलब्ध करून दिला आहे. तो वाहनातून न्यायचा, पाठीवरून नव्हे.

काटक्या. फुकट मिळणारे हे इंधन खरे पाहता फुकट नाही. मोकळ्या तीन दगडी चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम आठवा भाग भांड्याला मिळतो. राखीव वनात विस्तव पेटविणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे आणि पैनगंगेसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. किनवट-माहूरचे सागवान फेब्रुवारीपासून पाने ढाळते. त्या पाचोळ्यावर एक ठिणगी पुरते. तेव्हा जंगलात लाकडाची चूल हा पर्याय नाहीच. शेतशिवारात मात्र परिस्थिती वेगळी आहे. सुगीनंतर तुराट्या आणि पऱ्हाट्या बांधावर पडलेल्या असतात, आणि शेतकऱ्याला विचारून घेतलेल्या दोन मुठी तुराट्यांवर चहा होतो. दुहेरी पत्र्याच्या डब्याची, खालून हवा घेणारी छोटी चूल यासाठी चांगली. भांड्याच्या बुडाला आधी राख-मातीचा लेप द्यावा, म्हणजे काजळी घासत बसावे लागत नाही. हे आपल्या आयांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानविषयक संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा बनविण्याचे तंत्र विकसित केले व २००२ साली त्यासाठी तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. या संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये शंभर-दीडशे ग्रॅम कोळशावर वरण-भात-भाजी एकत्र शिजते. त्याची भांडी पिशवीत मावणारी नाहीत, परंतु लातूरसारख्या पाचट जाळून टाकणाऱ्या प्रदेशात तळावरच्या स्वयंपाकासाठी हा विचार व्हावयास हवा.

षट्कोनी नव्हे, चौकोनी पांढऱ्या वड्यांच्या स्वरूपात मिळणारे हेक्झामिन हे सैनिकांचे इंधन आहे. आणीबाणीसाठी चार वड्या जवळ असाव्यात; रोजच्या स्वयंपाकाला तिचा उग्र वास सोसत नाही.

वजनाचे गणित

एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती शेगडीची कार्यक्षमता मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असते; उघड्यावर, वाऱ्यात, लहान भांड्यासह ती निम्मी धरणे शहाणपणाचे. या हिशेबाने एका लिटरला गॅस १४ ग्रॅम, रॉकेल १५ ग्रॅम, हेक्झामिन २१ ग्रॅम, स्पिरिट २५ ग्रॅम आणि उघड्या चुलीत लाकूड पावणेदोनशे ग्रॅम लागते.

आता चार जणांचा दोन दिवसांचा मुक्काम घेऊ. चार कप चहाला वाऱ्यातील नासाडीसह १२ ग्रॅम गॅस लागतो. चौघांच्या खिचडीला दीड लिटरच्या वर पाणी; उकळी व नंतरची मंद आच मिळून ४५ ग्रॅम धरावेत. दोन वेळा चहा आणि दोन वेळा खिचडी म्हणजे दिवसाला सुमारे ११५ ग्रॅम, दोन दिवसांना २३० ग्रॅम. बाजारातील मोठ्या डब्यात साधारण इतकाच गॅस असतो. रिकाम्या डब्याचे दीडशे व स्टोव्हचे शंभर ग्रॅम मिळविता एकूण ओझे पाचशे ग्रॅमच्या आत राहते. त्याच कामाला स्पिरिट सव्वाचारशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक लागेल. वाटी, बैठक व बाटली धरून एकूण वजन पाऊण किलोच्या घरात जाते. दोघांच्या एका मुक्कामाला मात्र हा फरक जवळजवळ मिटतो, कारण स्पिरिट हवे तेवढेच मोजून नेता येते आणि गॅसचा पोलादी डबा अर्धा रिकामा असला तरी पूर्णच वाहावा लागतो. लाकडाचा हिशेब तीन किलोंवर जातो. तेवढे लाकूड प्रत्येक गटाने एका टेकडीवरून तोडले तर काही वर्षांत टेकडीचे काय होते, ते गडांच्या माथ्यांवर पाहावयास मिळते.

या सगळ्या ग्रॅमांच्या काटकसरीत एक गोष्ट विसरली जाते. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर चालताना सर्वांत जड वस्तू पाणी ही असते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या माणसाला हे सांगावयास नको. चौघांचा स्वयंपाक, चहा आणि भांडी यांना दिवसाला सात-आठ लिटर पाणी लागते, म्हणजे स्टोव्हच्या पंधरापट वजन. म्हणून पाणवठा नसलेल्या पठारावर मुक्काम असेल तर उत्तम स्टोव्ह घेण्यापेक्षा धपाटे घेणे हा अधिक शास्त्रीय निर्णय ठरतो.

तंबूतील ज्योत

आरंभी सांगितलेल्या प्रसंगात स्टोव्ह चांगल्या प्रतीचा होता व नवा होता. दोष त्याचा नव्हता. ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन डायॉक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक आसक्तीने त्याला धरून ठेवते. प्रथम डोके दुखते, मग मळमळ, मग गुंगी. आणि दिवसभर चाललेल्या माणसाला गुंगी ही झोपच वाटते. आधुनिक तंबूचे कापड पाण्याबरोबर हवाही अडविते. पावसात तर ते भिजून अधिकच बंद होते. ज्योतीच्या अगदी जवळ टेकलेले गार, मोठे पातेलेही ज्वलन अपुरे ठेवते. पिवळी, लवलवती ज्योत ही त्याची खूण.

उपाय साधे आहेत. स्टोव्ह तंबूत न्यायचा नाही. पाऊस असेल तर ताडपत्री चारही बाजूंनी उघडी ठेवून उंच बांधायची व तिच्याखाली शिजवायचे. स्टोव्ह आणि तंबू यांत निदान पाच पावलांचे अंतर राखायचे. शेकोटीऐवजी स्टोव्ह आत घेऊन ऊब मिळविण्याचा विचारही करायचा नाही. ऊब कपड्यांतून मिळवायची. आमच्या गटात आता मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी, उजेड असतानाच, प्रत्येक तुकडी आपला स्टोव्ह सर्वांसमोर पेटवून व विझवून दाखविते. त्या रात्रीच्या चौघींपैकी दोघी हे काम पुढच्या वर्षी स्वतःहून करीत होत्या. मुक्कामी पदभ्रमंती बंद झाली नाही.

प्रवासातील अडचण

नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने किंवा लातूरहून रात्रीच्या गाडीने सह्याद्रीकडे जाणाऱ्यांपुढे शेवटचा प्रश्न उभा राहतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ व १६४ नुसार धोकादायक व ज्वालाग्राही वस्तू डब्यात नेता येत नाहीत. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गॅसचा डबा, रॉकेल, स्पिरिट सर्व यात येते. 'एवढ्याशा डब्याने काय होते' असे म्हणणाऱ्यांनी २६ ऑगस्ट २०२३ चा मदुराई येथील प्रसंग आठवावा. यात्रेकरूंच्या खासगी डब्यात बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. तेही प्रवासात चहा-स्वयंपाक करू पाहणारे साधे भाविकच होते. एस. टी. बसलाही हाच निर्बंध लागू आहे.

म्हणून गाडीने जाताना स्टोव्ह न्यावा, इंधन नेऊ नये. नाशिकसारख्या शहरात उतरून डबा विकत घेता येतो. तेथून पुढे खासगी वाहन असल्यास अडचण राहत नाही. उरलेला डबा परतीच्या गाडीत चढविता येत नसल्याने तो तेथील परिचितांकडे ठेवावा किंवा वाहनचालकाला द्यावा. रिकामा डबा गडावर टाकून येऊ नये हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी, हरिश्चंद्रगडाखालचे पाचनई अशा गावांत आधी कळविले तर घरोघरी पिठले-भाकरी मिळते. चुलीवरची ती भाकरी तवाभर सारखी भाजलेली असते, पैसे गावात राहतात, आणि स्टोव्ह पिशवीच्या तळाशी तसाच पडून राहतो.